काचेतलं गाळणं

माझा धंदा चुका काढण्याचा आहे. सांगलीतल्या एका छापखान्यात मी कित्येक वर्षं मुद्रितं तपासते. लग्नपत्रिका, कारखान्यांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, दशक्रियेच्या जाहिराती, पुढ्यात येईल ते. घरचे म्हणतात, हिला चूक दिसली की हिचं डोकं फिरतं. फिरतं, खोटं कशाला बोलू. साताऱ्याकडच्या एका किल्ल्यात पलटणीचं संग्रहालय आहे, तिथं मी वडिलांना घेऊन गेले तेव्हा माझ्या डोक्यात एका कार्डावरच्या दोन चुका होत्या आणि वडिलांच्या डोक्यात एक प्रश्न होता. चुका मी सकाळपासून घोकत होते. त्यांना प्रश्न विचारायला मिळाला तो दुपार कलल्यावर, आणि त्यातला निम्मा दोष माझ्या तोंडाचा होता.

झालं असं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते सैन्यात रेशनच्या गाडीवर ड्रायव्हर होते. आता ऐंशीच्या घरात आहेत, पण माजी सैनिकांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर आलेला एकेक फोटो डोळ्यांशी धरून बघतात. एक दिवस त्यावर या संग्रहालयातल्या एका काचपेटीचा फोटो आला. पेटीत घडी मोडून पसरलेलं एक फडकं, मधोमध मोठा तपकिरी डाग, आणि खाली कार्ड: ‘युद्धात वापरलेली प्रथमोपचार पट्टि’. अण्णांनी फोटो मोठा करायला सांगितला. मी केला. ते बराच वेळ बघत राहिले.

"ही पट्टी न्हवं," ते म्हणाले. "हे माझं गाळणं हाय."

गाळणं म्हणजे चहाचं नव्हे. आम्ही जैन. आमच्यात पाणी गाळून पितात. मांजरपाटाचं जाड फडकं दुहेरी करून घागरीच्या तोंडावर धरायचं, वरून पाणी ओतायचं, आणि मग फडकं उलटं करून त्यात अडकलेले बारीक जीव ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात परत सोडायचे. त्याला जिवाणी सोडणं म्हणतात. अण्णा भरती झाले तेव्हा त्यांच्या आईनं त्यांना असं एक गाळणं शिवून दिलं होतं. घरात पांढरा दोरा नव्हता म्हणून कड हिरव्या दोऱ्यानं घातली आणि भांड्याच्या गळ्याला बांधायला एका कोपऱ्यात नाडी लावली. फोटोत हिरवी कड दिसत होती, नाडीही दिसत होती. ते गाळणं लढाईत नदीला वाहून गेलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो.

वाहून गेलेलं गाळणं काचेत कसं, असं मी विचारलं. सापडलं असेल कुणाला तरी, असं काहीसं ते पुटपुटले आणि मग म्हणाले, तिथं नेऊन कुणी दिलं असेल गं हे? मी म्हटलं, ते राहू द्या अण्णा, आधी ही पट्टी बघा, टीला पहिली वेलांटी दिलीय. एक तर वस्तू चुकीची, वर ती शुद्धलेखनातही चुकीची. एका ओळीत दोन चुका, आणि ती ओळ किल्ल्यात काचेखाली मानानं ठेवलेली. माझा संताप संताप झाला.

मी फोन लावले. पहिले दोन दिवस कुणी उचलला नाही. तिसऱ्या दिवशी ज्यांनी उचलला त्यांनी दुसरा नंबर दिला, आणि त्या नंबरावरच्या माणसानं पहिला नंबर दिला. शेवटी कुणीतरी म्हणालं, समक्ष या. म्हणून आम्ही समक्ष निघालो. डब्यात भाकरी आणि दोडक्याची भाजी, आणि अण्णांची गाळलेल्या पाण्याची स्टीलची बाटली. कऱ्हाडच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं, ते माझ्या आठवणीत कायमच चाललेलं आहे. ट्रकच्या मागे रांगत असताना मी तिथं काय बोलायचं त्याची तालीम करत होते. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. मधे एकदा त्यांनी पुन्हा विचारलं, कुणी दिलं ते त्यांनी लिहून ठेवलं असंल का गं? मी म्हटलं, ज्यांना वेलांटी कळत नाही ते काय लिहून ठेवतात.

किल्ल्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना उगाच वाईट वाटायचं. दरवाजा मात्र देखणा आहे. त्या दरवाज्यात एक जवान टेबल टाकून बसलेला होता. आधार कार्ड दाखवा. दाखवलं. मोबाइल जमा करा. केला. पिशवी जमा करा. मी म्हटलं, पिशवीत डबा आणि पाणी आहे, वडिलांचं वय बघा. तो म्हणाला, आत कूलर आहे. मी म्हटलं, ते कूलरचं पाणी पीत नाहीत. का पीत नाहीत? आता हे दरवाज्यात उभं राहून कुणाला आणि कसं समजावायचं? अण्णांनी आपलं माजी सैनिकाचं ओळखपत्र पुढे केलं. जवानानं ते बघितलं, उठून सलाम केला आणि पिशवी ठेवूनच घेतली. पितळी बिल्ला दिला, त्यावर आकडा होता. अण्णा खूश झाले, सलामामुळे. मी नाही झाले.

वर जायला दगडी पायऱ्या. अण्णांच्या गुडघ्यांना त्या पायऱ्या म्हणजे शिक्षाच होती. दर वळणावर थांबत आम्ही बालेकिल्ल्यातल्या जुन्या सदरेपर्यंत पोचलो. तिथंच संग्रहालय आहे. सदरेच्या महिरपी बुजवून त्यात एसी बसवलेत. तलवारी ओळीनं टांगल्यात. सैनिकांचे पुतळे आहेत, सगळ्यांचा चेहरा एकच, मिशा तेवढ्या वेगळ्या. कुठूनतरी ध्वनिमुद्रित माहिती चालू होती, आधी हिंदीत, मग इंग्रजीत, मग परत हिंदीत. मराठी फक्त कार्डांवर, आणि ती कार्डं वाचून मला रडू यायचं बाकी होतं. शौर्यला एकच मात्रा. शहीदला पहिली वेलांटी. एका पदकाला तर चक्क ‘पादक’ केलं होतं. जे जीव देऊन गेले त्यांच्याबद्दल चार शब्द लिहायचे, तेही कुणाला धड तपासून घ्यावेसे वाटू नयेत, याचा मला राग येत होता. अजूनही येतो.

आमची पेटी शेवटच्या दालनात, कोपऱ्यात होती. अण्णा तिच्यापुढे उभे राहिले. हिरवी कड फोटोत दिसली त्यापेक्षा फिकी होती. त्यांनी काचेवर बोट ठेवलं, नाडी होती तिथं, आणि बोट कडेवरून फिरवत नेलं. संग्रहालयाचं बघणारे निवृत्त सुभेदार तेवढ्यात मागून आले आणि म्हणाले, काचेला हात लावायचा नाही. अण्णा वळून त्यांना म्हणाले, आवं साहेब, हे कुणी... पुढचं वाक्य मी होऊच दिलं नाही. मी मधेच सुरू झाले, हे कार्ड चुकीचं आहे, ही पट्टी नाही, आणि पट्टी अशी लिहीत नाहीत. सुभेदारांनी मला शांतपणे ऐकून घेतलं आणि घड्याळ बघितलं. जेवणाची सुट्टी झाली होती. दालन बंद करायचं होतं. तीननंतर ऑफिसात भेटा म्हणाले आणि आमच्या तोंडावर दिवे घालवले.

मी तणतणत खाली दरवाज्यात गेले, निदान डबा तरी आणावा म्हणून. जवान म्हणाला, पिशवी बाहेर जातानाच मिळेल. मी म्हटलं, बरं, बाहेर जाते. तो म्हणाला, मग परत आत यायला नवीन नोंद करावी लागेल, आणि नोंद तीननंतर. हातात बिल्ला घेऊन मी तशीच परत वर आले. अण्णा सदरेबाहेरच्या पायरीवर सावलीत बसले होते. ओठ सुकले होते. मी सैन्याला, किल्ल्याला आणि कूलरला नावं ठेवायला सुरुवात केली. त्यांनी माझं सगळं बोलून होऊ दिलं, आणि मग सांगितलं. आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं, आईलाही नाही.

गाळणं नदीला वाहून गेलं नव्हतं. लढाईच्या दिवसांत एका सकाळी ते रेशन पोचवून रिकामी गाडी घेऊन परत येत होते. रस्त्याच्या कडेला एक जवान पडलेला दिसला, या पलटणीचा, मांडी फुटलेली. गाडीत बांधायला दुसरं काही नव्हतं. अण्णांनी गाळणं काढलं आणि करकचून बांधलं. बांधताना तोंडातून मराठी गेली तसा तो गडी शुद्धीवर आला आणि विचारता झाला, कुठला रं तू? अण्णा म्हणाले, सांगलीकडचा. तो म्हणाला, मी कोरेगावचा. तेवढंच बोलणं. मागून जखमींची गाडी आली, त्याला उचलून घेऊन गेली. नाव विचारायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, त्या गाडीतले निम्मे वाटेतच गेले.

पुढे सुट्टी मिळेपर्यंत अण्णा न गाळलेलं पाणी प्यायले. घरी आल्यावर त्यांच्या आईनं गाळणं मागितलं. जीव मरू नयेत म्हणून दिलेल्या फडक्याला रक्त लागलं, हे आईला कसं सांगायचं? म्हणून नदी. आई म्हणाली, एवढं एक फडकं सांभाळता आलं नाही का तुला?

मला एकदम आमचे रेल्वेचे प्रवास आठवले. पुण्याला आत्याकडे जाताना कोरेगाव स्टेशन आलं की अण्णा प्लॅटफॉर्मवर उतरायचे. चहा घ्यायचे नाहीत, काही विकत आणायचे नाहीत. नुसते उभे राहायचे, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत, आणि गाडी हलली की चढायचे. आई ओरडायची, एखाद्या दिवशी राहाल तिथंच. आम्हा पोरांना वाटायचं, त्यांना पाय मोकळे करायचे असतात.

मी चिडले. खरंच चिडले. म्हटलं, अण्णा, कोरेगाव काय लांब होतं? मांडीला मार लागलेला, या पलटणीचा माणूस. तालुक्याच्या गावात चार जणांना विचारलं असतं तर तासाभरात कळलं असतं. इतकी वर्षं फलाटावर उभं राहून काय मिळवलंत?

"आणि इचारल्यावर न्हाई म्हणाले असते, तर?" ते म्हणाले.

मी आणखी चिडले. ते मात्र माझ्याकडून घेतलेल्या बिल्ल्याशी खेळत सरळ बोलत होते. जसं रोजच्या रोज मनात मांडून ठेवलेलं असावं तसं.

"पलटणीच्या सामानातनं हे हितं आलं असंल तर गडी वाटंतच गेला. घरातनं आलं असंल तर जगला. एवढंच इचारायचंय मला. तू जरा गप बसशील का?"

मी कबूल केलं. आणि तीन वाजता ऑफिसात शिरल्याबरोबर मोडलं. सुभेदारांनी बसा म्हणायच्या आधीच मी कार्डावर आले. काय करणार, तोंडाला सवय. मी म्हटलं, ते गाळणं आहे, माझ्या वडिलांचं, त्यांच्या आईनं शिवलेलं. सुभेदार म्हणाले, पुरावा काय? मी म्हटलं, हिरवी कड. ते म्हणाले, हिरवा दोरा काय जगात तुमच्याच घरात व्हता का? अण्णा कुठल्या पलटणीचे, असं त्यांनी विचारलं, आणि अण्णांनी आपण दुसऱ्या खात्याचे, ड्रायव्हर, असं सांगितल्यावर ते खुर्चीत मागे रेलले. म्हणजे आमच्या पलटणीचे न्हाई तुमी. मग कमिटी आहे, कमिटीची बैठक असते, कार्डात बदल कमिटी करते, अर्ज करा. अर्ज कुणाच्या नावे? ते कमिटी ठरवेल. माझा आवाज चढला. त्यांचाही चढला. टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांनी अण्णांपुढे सरकवला होता, आणि अण्णा त्याला शिवत नव्हते, त्याचाही त्यांना राग आला असावा. आमच्या हातचं पाणी चालत नाही का, असं ते म्हणाले. मी म्हटलं, बघा, हेच तर सकाळपासून सांगतेय, तुम्हाला गाळणं म्हणजे काय हेच माहीत नाही.

तेव्हा अण्णांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. मी थांबले.

"साहेब, ते ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "हे फडकं हितं दिलं कुणी, तेवढं सांगा."

सुभेदार जरा थबकले. भांडणात हे कुठं बसतं ते त्यांना कळेना. मग म्हणाले की एक बाई घेऊन आली होती. कोरेगावच्या पलीकडचं गाव. तिचे सासरे या पलटणीतले. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत हे निघालं. आम्ही तिला म्हटलं, याचं काय करायचं, हे फडकंच आहे, असली लय असतात. तर ती म्हणाली, फडकं न्हवं, पट्टी हाय. म्हातारा पट्टीच म्हणायचा, कुणाला धुऊ द्यायचा न्हाई, टाकू द्यायचा न्हाई. म्हणून मग कार्डावर पट्टी लिहिलं. आमाला तरी काय ठावं.

मी अण्णांकडे बघायचं टाळलं.

"लंगडत व्हते का?" अण्णांनी विचारलं.

थोडं, असं ती सांगत होती, सुभेदार म्हणाले. पण शेवटपर्यंत रानात जायचे.

"म्हणजे म्हातारा होऊन गेला न्हवं?"

"व्हय. नातवंडं बघून गेले. मागच्या दिवाळीच्या आधी."

अण्णांनी मान हलवली. खिशातून रुमाल काढला. मला वाटलं डोळे पुसतील. त्यांनी रुमाल दुहेरी केला, दुसरा रिकामा ग्लास जवळ ओढला आणि टेबलावरचं पाणी सावकाश गाळून घेतलं. मग ते पाणी एका दमात प्यायले. सुभेदार बघत राहिले आणि मला वाटतं तेव्हा त्यांना गाळणं म्हणजे काय ते कळलं. पण माझं समाधान होईना. मागची दिवाळी. म्हणजे आदल्या वर्षीपर्यंत तो माणूस होता, रेल्वेनं जाऊन एका दिवसात भेटून येता आलं असतं असा, आणि हे फलाटावर उभे. मला कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि ओरडायला कुणी उरलं नव्हतं.

सुभेदारांनी आपण होऊन ड्रॉवर उघडला, कोरं कार्ड काढलं, पेनाचं टोपण काढलं. कमिटीचं बघू नंतर, म्हणाले. सांगा, काय लिहायचं? मी सकाळपासून तयार केलेला मजकूर माझ्या जिभेवर होता, चांगल्या तीन ओळी, एकही चूक नसलेल्या. गाळणं, मांजरपाट, जिवाणी, सगळं त्यात होतं. मी पहिला शब्द उच्चारला.

"न्हाई," अण्णा म्हणाले. "पट्टीच हाय ती. त्यो पट्टी म्हणत व्हता, मग पट्टीच."

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तीन ओळी मी गिळल्या. मग म्हटलं की निदान वेलांटी तरी. त्यांना आधी कळेना, तेव्हा मी टेबलावर बोटानं दोन्ही वेलांट्या काढून दाखवल्या, पहिली आणि दुसरी. ते हसले नाहीत. किल्ल्यांचा जुडगा घेऊन उठले.

आम्ही तिघे परत त्या कोपऱ्यातल्या पेटीपाशी गेलो. त्यांनी काच उघडली, जुनं कार्ड बाहेर काढून पेटीच्या कडेवर ठेवलं आणि शाळेतल्या पोरासारखं वाकून, जपून, पहिली वेलांटी खोडून दुसरी काढली. काच उघडी होती. अण्णांनी हात पुढे केला आणि गाळण्याला लावला, डागावर. सुभेदार यावेळी काच धरून उभे राहिले. मग कार्ड परत आत गेलं, काच लागली.

अण्णांना इतकं बारीक वाचता येत नाही. ते माझ्याकडे वळले.

"आता बरोबर हाय का गं?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.